निराळा तवा, एकच पंगत

आमच्या धाकट्या कन्येस सिलिअ‍ॅक रोग आहे. गहूं व जव यांतील ग्लूटेन तिच्या आंतड्यास अपाय करितें. गव्हाचा हा दोष डच बालवैद्य विलेम डिके यांनीं १९५० सालच्या आपल्या प्रबंधांत मांडिला.

तिच्यासाठीं ज्वारीची भाकरी थापणें सोपें. तींत गव्हाचा कण न येऊं देणें कठीण. गिरणींत गव्हामागून दळलेली ज्वारी, सामाईक चाळणी, चपातीचा तवा, गव्हाचें पीठ घातलेला हिंग, हे सर्व त्याचे मार्ग. म्हणून आम्हीं तिचा तवा, काठवट व चाळणी निराळीं केलीं. ज्वारी घरींच दळूं लागलों.

एका शेजारणीस हें सोंवळें वाटलें. परंतु सोंवळें मनुष्यास दूर ठेवितें. आम्ही कण दूर ठेवितों तो अशासाठीं कीं, प्रार्थना होतांच तिनें निर्भयपणें सर्वांसमवेत जेवावें. विद्यार्थिमित्रहो, असा सोबती तुमचा घांस नाकारील, तर रुसूं नका. त्याच्या शेजारींच बसून जेवा.