टेकतं कुठं?

बेळगावच्या उद्यमबागेत ३० वर्षं लेथवर काढलेला मी. ओहायोत पुतण्याकडे गेलो, तर तो पिस्तुलाची वापरलेली काडतुसं पुन्हा भरत होता. पॉइंट ४५ची, सरळ नळीसारखी पितळी.

म्हटलं, "दे, एका मापाची करतो." सर्वांत आखूड नगावर माप धरून ४० कापली.

त्यानं कॅलिपर लावला नि गप्प झाला. "काका, पॉइंट ३८ला बुडाशी बाहेर आलेली कड असते, ती अडते. ह्याला ती नाही. हे तोंडाच्या काठावरच टेकतं. लांब राहिलं तर बसत नाही. आखूड झालं तर आत सरकतं, पिनेचा मार हुकतो."

कमाल लांबी २२.८१ मिलिमीटर, माझी पार खाली गेलेली. चाळीसही भंगारात.

जॉब टेकतो कुठं ते आधी बघ, असं शिकाऊ पोरांना मीच दटावत असे.