ट्रॉलीतील दिवे

आमच्या घरी ट्रॅक्टर आला, तेव्हा सर्वांत अधिक आनंद झाला तो माझ्या पुतण्याला. ट्रॅक्टरने नांगरट झपाट्याने होते, याचे त्याला विशेष काही वाटले नाही. त्याचे सारे लक्ष त्या यंत्रातील बारा व्होल्टच्या बॅटरीवर होते. ही १९९८ सालची गोष्ट. तो तेरा वर्षांचा होता आणि मी शाळेत मराठी शिकवीत असे. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून एक वर्ष होते; औंढा नागनाथच्या बाजूचे आमचे गाव परभणी जिल्ह्यातच मोडत होते.

त्या वर्षी आईला परतवारीसाठी नर्सीला न्यायचे ठरले होते. पंढरपूरची वारी झाल्यावर आषाढ वद्य एकादशीला वारकरी नर्सीस नामदेवांच्या दर्शनाला येतात. आईचे गुडघे दुखत. तिला आणि तिच्या सोबतिणींना ट्रॉलीत बसवून न्यावे, वाटेत टेपवर अभंग लावावेत, असा माझ्या भावाचा बेत होता. तो कानी पडताच पुतण्याने जाहीर केले, "अभंगांच्या तालावर मी दिवे नाचवीन!"

मी हसलो. आई मात्र म्हणाली, "नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळ फिरले म्हणतात. मग दिव्यांनी नाचायला काय झाले?"

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. मोडका रेडिओ, तारांची भेंडोळी, ट्रॅक्टरचे छोटे पाच वॉटचे दिवे आणि धातूच्या टोपीसारखे दिसणारे दोन ट्रान्झिस्टर. मी पडलो व्याकरणाचा माणूस. मला समजेल असे सांग, असे म्हणताच तो म्हणाला, "काका, सिद्धेश्वरच्या कालव्याचे दार एक माणूस उचलतो, पण त्यातून पाणी किती वाहते! टेपमधून स्पीकरकडे जाणारी वीज म्हणजे तो माणूस, बॅटरीतली वीज म्हणजे पाणी आणि हा ट्रान्झिस्टर म्हणजे दार. आवाज वाढला की दार उघडते, पडला की मिटते." इतके सुबोध स्पष्टीकरण मला वर्गात क्वचितच साधले असेल.

पहिल्या रात्री सहा दिवे जोडून टेप सुरू केली. पखवाजाच्या प्रत्येक थापेसरशी दिवे लखकन लागत आणि विझत. गल्लीतली पोरे टाळ्या पिटू लागली. आई उंबऱ्यावर बसून पाहत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अरे, पखवाज बडवला की उजेड आणि विठ्ठलाचे नाव घेतले की अंधार, असे कसे रे तुझे दिवे?"

पोराचा चेहरा उतरला. मला आईचा थोडा रागच आला. पण तिचे निरीक्षण अचूक होते. ट्रान्झिस्टरचे दार सुमारे ०.६ व्होल्टचा जोर मिळाल्यावाचून उघडत नाही. पखवाजाच्या थापेत तेवढा जोर होता. गायकाच्या हळुवार आवाजात नव्हता. आवाज मोठा करावा, तर म्हाताऱ्यांचे कान किटले असते.

चार दिवस तो कोणाशी धड बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने दिव्यांची दुसरी माळ केली. जुन्या रेडिओतला लहानसा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला, म्हणजे नाजूक आवाजाच्या विजेचा दाब वाढतो. वाटेत एक कपॅसिटर घातला. तो पखवाजाचा खर्जातला घुमारा अडवितो आणि वरचे स्वर पुढे जाऊ देतो. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकू येतात. त्यांतली मंद कंपने एका माळेला आणि जलद दुसरीला, अशी त्याने वाटणी केली. टाळांच्या वेगाला मात्र दिव्यातली तार पुरी पडेना, कारण तापायला आणि निवायला तिला वेळ लागतो. म्हणून टाळ वाजत असता ती माळ नुसती मंद तेवत राही. आजच्या एलईडी दिव्यांना ही अडचण नाही. पण ते तेवणे मला फार आवडले होते.

आता माझा पराक्रम सांगितला पाहिजे. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ट्रॉलीत बारा दिवे लागले आणि फ्यूज उडाला. बारा दिवे म्हणजे साठ वॉट, बारा व्होल्टला पाच अँपिअर. फ्यूज पाचाचाच, आणि थंड दिवा लागताना क्षणभर त्याहूनही अधिक वीज ओढतो. दुसरा फ्यूज उडाल्यावर माझा धीर सुटला. पुतण्या आत गेला असता मी त्या जागी तांब्याची तार पिळून बसविली. मग ट्रॉलीच्या लोखंडी काठाखाली एक तार चिमटली, तिचे आवरण फाटले आणि धूर निघू लागला. पुतण्या धावत आला, त्याने बॅटरीची तार उपटली. त्याच्या तळहातावर टपोरा फोड आला.

"ही तार कोणी घातली?" भावाने विचारले. पोरगा हात पाण्यात धरून गप्प उभा राहिला. मला वाटते, तो गप्पच राहिला असता. मीच पुढे होऊन सांगितले.

रात्री त्याने नवा फ्यूज बसविला आणि चार दिवे काढून टाकले. ट्रॉलीच्या पुढच्या बाजूचे तांबडे दिवेही भावाने आत घ्यायला लावले. वाहनाच्या पुढे तांबडा दिवा दाखवू नये, असा १९८९ पासूनचा नियमच आहे. समोरच्या चालकाला गाडी येते आहे की जाते आहे, हेच कळत नाही.

पहाटे अंधारात आम्ही निघालो. बायकांच्या चेहऱ्यांवर उजेड येत होता, जात होता. गायकाने विठ्ठलाचे नाव घेतले की दुसरी माळ उजळे, आणि आई पुतण्याकडे पाहून मान डोलवी. हिंगोली मागे पडली, पूर्वेला तांबडे फुटले. पुढे कयाधूचे पात्र दिसले, तोच टेप संपली. आईने टाळ्या वाजवीत स्वतःच अभंग धरला. सगळ्याजणी गाऊ लागल्या.

दिवे लागले नाहीत.

"का रे, आता काय झाले?" आईने विचारले.

"आजी, त्यांना फक्त टेपचाच आवाज ऐकू येतो," तो म्हणाला आणि पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, "काका, शाळेतल्या मोडक्या टेलिफोनचा बोलायचा भाग मला मिळेल का?"