इतर अधिकारांचा रकाना

कर्जतच्या भिसेगावात, गुंडग्यात किंवा पुढे कडाव-कशेळेच्या रस्त्यावर कुणी जमीन पाहायला आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सातबारा क्लिअर आहे ना?’ क्लिअर म्हणजे मालकाचं नाव एकच, बँकेचा बोजा नाही, कुळाचं नाव नाही आणि ‘इतर अधिकार’ हा रकाना कोरा. तो कोरा दिसला की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मोजणीच्या आणि महसुली दाव्यांच्या कामात माझं आयुष्य गेलं, आणि कर्जत-खालापुरातल्या तंट्यांचं मूळ मला बहुतेक वेळा याच कोऱ्या रकान्यात सापडलं. तिथे काही लिहिलेलं नाही म्हणजे तिथे काही नाही, असं घेणारा समजतो. गाव मात्र त्या न लिहिलेल्यावरच जगत आलेलं असतं.

सातबारा हा दोन नमुन्यांचा मेळ. गाव नमुना ७ मध्ये जमीन कुणाची ते लिहायचं, गाव नमुना १२ मध्ये तिच्यात काय पिकलं ते. मालक बदलला, कुणी वारलं, वाटणी झाली की नमुना ६ च्या वहीत फेरफार पडतो. हक्कनोंदणीची ही पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली आणि आज ती १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाखाली चालते. वही चोख आहे, पण ती एका वेळी एकाच तुकड्याकडे पाहते. डोंगरपायथ्याचं भाताचं शेत एकट्याच्या बळावर कधीच पिकत नाही.

कर्जतच्या शेतकऱ्याचं पारंपरिक खातं बघा. खाली खाचरं, वर माळावर वरकस. वरकसात गवत, नाचणी-वरी, आणि राबासाठी लागणारा पालापाचोळा. उन्हाळ्यात तो पाला, शेण आणि गवत रोपाच्या जागेवर पसरून भाजायचं, तिथेच मृगात भात पेरायचं आणि रोप तयार झालं की आवणाला, म्हणजे लावणीला, सुरुवात. खाचराचा मालक आणि वरकसाचा मालक एकच असेल असं नाही. एकाच्या माळावरचा पाला दुसऱ्याच्या राबाला जातो, बदल्यात कापणीला दोन माणसं येतात. पाणी तर बांधाबांधाने उतरतं. वरच्याने बांधाचं तोंड उघडलं तर खालच्याची लावणी होते. भिवपुरीच्या वीजघरातून १९२२ पासून सह्याद्रीपलीकडचं पाणी खाली येऊ लागलं, आणि त्याच पाण्यावर राजनाला कालव्याखाली तालुक्याच्या एका पट्ट्यात उन्हाळी भात उभं राहिलं. तिथेही कालव्यापासून शेवटच्या खाचरापर्यंत पाणी जातं ते मधल्यांच्या शेतांतूनच.

याच्या जोडीला वहिवाटी आहेत. वाडीवरच्या बायका मोळी घेऊन उतरतात ती बांधावरची वाट. स्मशानाकडे जाणारी, एरवी गवताने झाकलेली वाट. पहिल्या पावसात ओढ्यातून शेतात चढणारे वलगणीचे मासे आणि बांधातले खेकडे कुणीही धरावेत, मालकाने हटकू नये, हा रिवाज. कातकरी घरांचं आषाढ-श्रावणातलं जेवण त्या रिवाजावर चालतं. यातली एकही गोष्ट सहसा सातबाऱ्यावर नसते.

मोजणीच्या दिवशी हे उघड्यावर येतं. पूर्वी तेहतीस फुटांची साखळी असायची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. भूकरमापक मोजणीफळी मांडून जुन्या टिपणाशी पडताळा घ्यायचा. आता हातात रोव्हर असतो आणि खांब कुठे ठोकायचा ते उपग्रह सांगतो. काम झटपट होतं, चूक कमी होते. लगतच्या खातेदारांना रीतसर नोटीस गेलेली असते, ते उभे राहतात, सह्या होतात. ज्या बायकांची वाट त्या हद्दीतून जाते त्या लगतधारक नसतात, म्हणून त्यांना नोटीस जात नाही. नकाशावर पायवाटेची तुटक रेघ नसेल तर मोजणारा ती काढू शकत नाही. पुढे तारेचं कुंपण होतं, लोखंडी फाटक बसतं, आणि मोळीवालीला तेच अंतर ओढ्याच्या कडेने वळसा घालून चालावं लागतं. खरेदी करणारा त्यात खलनायक नसतो. ठाण्या-मुंबईतून आलेल्या त्या माणसाला कोरा रकाना दाखवला गेला, त्याने तो खरा मानला.

खरेदीला कायद्याने अडसर घातले आहेत. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायची तर कुळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी लागते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ नये म्हणून महसूल अधिनियमात १९७४ साली कलम ३६-अ आलं. ही कलमं मालकाला राखतात. ज्याचं नाव कधी मालक म्हणून लागलंच नाही, त्याचं काय?

हा प्रश्न कातकरी वाड्यांना सर्वांत जास्त भिडतो. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांमुळे कोकणात हजारो कसणारे मालक झाले. पण कातकरी आधी खैराचा कात पाडणारा, मग कोळसा पाडणारा, मग शेतमजूर. जमीन त्याच्या नावाने कसलीच गेली नव्हती, म्हणून तो कूळ ठरला नाही. मालकाने कामाला माणूस जवळ असावा म्हणून माळावर झोपड्या बांधू दिल्या, तिथे पिढ्या वाढल्या, आणि जमीन सातबाऱ्यावर मालकाचीच राहिली. भाव चढला तशी वाडीसकट जमीन विकली जाऊ लागली. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी याच पट्ट्यातल्या वाड्यांसोबत काम करून २०१३ साली ‘फायटिंग एव्हिक्शन’ हे पुस्तक लिहिलं. वाडीची जागा गावठाण म्हणून जाहीर करून घेणं हा मार्ग त्यात धरला आहे, आणि तो बरोबर आहे. घराखालची जमीन गावठाण झाली की मालकाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

डोंगरातल्या दळी जमिनींचं दुखणंही याच जातीचं. जंगलात नाचणी-वरीसाठी ब्रिटिश काळात आदिवासींना कसायला दिलेल्या या जागा. वहिवाट जुनी, कागद तुटपुंजा. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या कसणुकीला दाद मागायची वाट दिली, सामूहिक हक्काची सोयही केली. ज्या गावांनी सामूहिक दावा केला त्यांना चराई, लाकूडफाटा, मोहाची फुलं यांवर हक्काने बोलता येतं. ज्यांनी एकट्या-दुकट्याचे प्लॉट तेवढे मागितले, त्यांच्या हाती तुकडा आला आणि आजूबाजूचं रान तसंच मोघम राहिलं.

न लिहिलेला हक्क घरातही असतो. बाप वारला की वारसनोंद होते, सगळ्यांची नावं लागतात, आणि काही महिन्यांत बहिणींना हक्कसोडपत्रासाठी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बोलावणं येतं. नेरळ-बदलापूरहून सकाळच्या लोकलने बहीण येते, अंगठा किंवा सही होते, भावजय साडी देते, माहेर शाबूत राहतं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः बरोबरीचा वाटा दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी पक्का केला. तरी सही होतेच, कारण बहीण त्या सहीने एक तोंडी हक्क राखत असते: बाळंतपणाला, आजारपणाला, संसार मोडला तर परत येण्याला हे घर माझं. गुंठ्याचा भाव चढला आणि भावाने ती जमीन विकली की वाटाही गेला आणि परतीचं घरही. हक्कसोड द्यायचीच असेल तर निदान घरातली एक खोली आणि हयातभर राहण्याचा हक्क त्या दस्तात लिहून घ्यावा, असं मी येणाऱ्या प्रत्येकीला सांगतो.

जगात दुसरीकडे हा गुंता कसा सोडवला गेला, ते बालीत पाहण्यासारखं आहे. बांगली भागातल्या पेंगलिपुरानसारख्या डोंगरी गावात घराची जागा पारंपरिक गावसंस्थेची असते. कुटुंब ती पिढ्यानपिढ्या वापरतं आणि बदल्यात गावची कामं, देवळाची कामं करतं. पूर्वेकडच्या तेंगानानमध्ये गावच्या लिखित नियमांनुसार जमीन बाहेरच्याला विकता येत नाही. भाताचं पाणी वाटणाऱ्या ‘सुबाक’ संस्थांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. इंडोनेशियाच्या १९६० च्या कृषी कायद्याने परकीयाला पूर्ण मालकी नाकारली, तरी पर्यटनाच्या रेट्यात दीर्घ भाडेपट्ट्यांवर खाचरं बंगल्यांखाली जातच आहेत. पण तिथल्या गावाकडे दाखवायला स्वतःचा लिखित नियम आहे, आणि तंटा झाला की बोलणी तिथून सुरू होतात.

आपल्याकडेही असा नियम लिहायची जागा आहे, ती वापरली जात नाही एवढंच. महसूल अधिनियमाचं कलम १६५ सांगतं की गावातल्या पाण्याच्या, वाटेच्या आणि मासे धरण्याच्या रूढी जिल्हाधिकाऱ्यांनी तपासून नोंदवाव्यात. त्या नोंदीला ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणतात. कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. वाट किंवा पाणी कुणी अडवलं तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाता येतं, मात्र सहा महिन्यांच्या आत. आणि मे २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर अधिकारांत घ्यायची सोय केली आहे.

पनवेल-कर्जत नवा रेल्वेमार्ग आला की भिसेगावच्या आसपासची उरलीसुरली खाचरं झपाट्याने हात बदलतील. त्याआधी प्रत्येक गावाने ग्रामसभेत, आणि नगरपरिषदेत गेलेल्या गावांनी गावकीत बसून, तीन याद्या कराव्यात: वाटांची, पाण्याच्या उताराची आणि खाजगी जमिनीवर वसलेल्या वाड्यांची. यादीवर जुन्याजाणत्यांच्या सह्या घ्याव्यात, वाडीवरच्या बायकांच्या आधी. पहिल्या दोन याद्या कलम १६५ चा अर्ज म्हणून तहसील कचेरीत द्याव्यात, तिसरी गावठाणाच्या मागणीसोबत, आणि तिन्हींची पोच घ्यावी. पुढे फेरफाराची नोटीस चावडीवर लागली की हरकतीला पंधरा दिवस मिळतात. त्या पंधरा दिवसांत वाटेचा पुरावा शोधत फिरण्यापेक्षा पोच घेतलेली यादी हरकतीला जोडता येईल, आणि मंडळ अधिकाऱ्याला तिची दखल घेऊनच निर्णय लिहावा लागेल.