एक तासाचा राजपुत्र

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ आमच्या वयाच्या पुष्कळांनी पाहिला असेल. पांढऱ्या कपड्यांतला मुलगा तळघरातून पळतो, कठड्याला लोंबकळतो आणि शेवटी जमिनीतून वर येणाऱ्या भाल्यांवर पडून मरतो. बहुतेकांची आठवण इथेच संपते, कारण बहुतेक जण तिथेच मेले आणि खेळ सोडून उठले.

मीही 1998 साली अशीच उठले होते. बारावीनंतर अब्बांनी मला दौंडमधल्या एका कॉम्प्युटर क्लासला घातलं. मुलींची बॅच दुपारी चार ते पाच. रंगीत पडद्याचं मशीन एकच, आणि त्यावर कुणीतरी फ्लॉपीवरून हा खेळ चढवलेला. खेळाची मुदत नेमकी एक तास, आणि आमची बॅचही एक तासाची. म्हणजे शहजादी सोडवायची तर वर्डस्टार शिकायचं नाही. आम्हाला शेवटची दहा मिनिटं मिळत, तीही वीज असली तर. तिसऱ्या टप्प्यात हाडांचा सापळा उठून तलवार उगारतो, तिथवर मी कशीबशी पोचले होते. मग क्लास संपला. पुढे बी.ए., निकाह, बी.एड., नोकरी, दोन मुलं.

गोष्ट छोटीशी आहे. सुलतान लढाईवर गेलेला. त्याचा वजीर जाफर शहजादीला कोंडतो आणि वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवतो. एका तासात लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरात कैद. त्याने साठ मिनिटांत बारा टप्पे ओलांडून वरच्या मनोऱ्यात पोचायचं. खेळाचा कडकपणा नियमात आहे. कितीही वेळा मेलात तरी चालतं, टप्पा पुन्हा सुरू होतो. घड्याळ मात्र मागे फिरत नाही. जीव फुकट, मिनिटं मोजून.

2020 मध्ये शाळा बंद, पुण्याकडच्या गाड्या बंद. ऑनलाइन तास संपले की लॅपटॉप रिकामा. त्या दिवसांत मी हा खेळ शोधून काढला आणि तीन आठवड्यांनी, घड्याळात चार मिनिटं शिल्लक असताना, शहजादीपर्यंत पोचले. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. बावीस वर्षांची उधारी फिटल्यासारखं वाटलं, एवढंच. आवडला तो त्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, जेव्हा पोचण्याची घाई उरली नव्हती.

तेव्हा लक्षात आलं की या खेळात पळण्याइतकंच जपून चालणं महत्त्वाचं आहे. शिफ्टचं बटण दाबून बाण दाबला की तो मुलगा एकेक पाऊल टाकतो, कड्याच्या टोकाशी येऊन थांबतो. ज्या भाल्यांवर पळत गेलं की मरण, त्यांच्यामधून असं सावकाश चालत गेलं तर खरचटतही नाही. जबड्यासारखी उघडझाप करणारी पाती असतात. त्यांचा ठेका डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर कळतो. त्या सापळ्याला तलवारीने मारता येत नाही, कारण तो आधीच मेलेला. त्याला मागे रेटत नेऊन खड्ड्यात पाडावं लागतं. चौथ्या फेरीपर्यंत तो महाल मला इतका पाठ झाला, की रोज पुण्याला जाणाऱ्यांना फलाटावर कुठे उभं राहिलं की डब्याचा दरवाजा समोर येतो हे ठाऊक असतं, तसं झालं. कुठली फरशी खाली पडणार, कुठल्या फरशीवर पाय दिला की दार उघडणार, हे पायांनाच समजायला लागलं.

मग हा खेळ केला कुणी, हे वाचलं. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने. 1985 मध्ये त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चित्र गिरवून कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. म्हणून तो मुलगा पळताना खरा वाटतो, थांबताना तोल सावरतो. संगीत वडिलांचं. हे वडील लहानपणी नाझींमुळे व्हिएन्नातून परागंदा झालेले. खेळ 1989 मध्ये आला, तेव्हा सुरुवातीला फारसा खपला नाही. इतर कॉम्प्युटरांवर गेला आणि मग जगभर पसरला, आमच्या क्लासपर्यंत.

मला सगळ्यात आवडते ती सावली. चौथ्या टप्प्यात वाट अडवणाऱ्या आरशातून उडी मारावी लागते, आणि दुसऱ्या बाजूने आपलीच सावली बाहेर पळते. पुढे ती आपल्या वाट्याचं औषध पिऊन टाकते, दार लावून आपल्याला खाली पाडते. बाराव्या टप्प्यात ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला वार केला की जखम आपल्याला होते. ती मेली की आपणही मेलो. अकरा टप्पे खेळाने शिकवलेलं असतं की शत्रूसमोर तलवार खाली ठेवली तर एका घावात खेळ खलास. आणि इथे उपाय एकच, तलवार म्यान करायची. मग सावलीही म्यान करते, दोघं एक होतात, आणि जिथे पोकळी दिसत होती तिथे पळत गेलं की पायाखाली फरशी उमटत जाते. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, “हा तर नफ्सचा किस्सा!” असेलही. मेकनरची अडचण मात्र वेगळीच होती. त्या जुन्या कॉम्प्युटरच्या मेमरीत नवा शत्रू काढायला जागा नव्हती, म्हणून त्याने नायकाचंच चित्र जरा सरकवून वापरलं.

एक गोष्ट खटकते, ती वजिराचं नाव. खरा जाफर बर्मकी हा खलिफा हारून रशीदचा जिवलग. अलिफ लैलाच्या कथांत तो खलिफाबरोबर वेष पालटून रात्री बगदादच्या गल्ल्यांतून फिरतो. शेवटी 803 साली त्याच खलिफाने त्याला ठार करवलं. 1940 च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटाने त्याला दुष्ट जादूगार केलं (त्याच चित्रपटात आपला म्हैसूरचा साबू दस्तगीर होता), आणि तेच नाव या खेळात आलं. सातवीच्या उर्दूच्या तासाला अलिफ लैलाचा विषय निघाला, तेव्हा एका मुलाने विचारलं, “टीचर, जाफर तर व्हिलन असतो ना?” त्या दिवशी धडा बाजूला ठेवून पूर्ण तास मी बगदाद सांगितलं.

घरात या खेळावर बोलणी बसलीच. “बाई शाळेत मोबाइल काढून घेतात आणि घरी गेम खेळतात.” माझं म्हणणं असं, की मुलांच्या मोबाइलवरच्या खेळांना शेवट नसतो, आणि मध्येमध्ये पैसे मागतात. हा ईशानंतर सुरू केला तर तासाभरात स्वतःच संपतो, जिंका नाहीतर हरा.

थोरला मुलगा यंदा नीट दुसऱ्यांदा देतोय. पहिल्या निकालानंतर आमच्या घरात ‘पुन्हा’ हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. नातेवाइकांचे फोन आले की मी मोबाइल घेऊन गच्चीवर जायची. तो जेवायचा, खोलीत जायचा, दार लावायचा. एका रात्री पाणी प्यायला बाहेर आला आणि माझ्या मागे उभा राहिला. मी सहाव्या टप्प्यात होते.

“अम्मी, किती वेळा मेलीस?”

“आज? तेवीस.”

तो हसला. आवाज करून हसला. कितीतरी महिन्यांनी. मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “बाजूला हो.” पहिल्याच खड्ड्यात पडला.

आता रविवारी रात्री तो एक तास खेळतो. मी शेजारी वह्या तपासते आणि तोंड बंद ठेवते. हे फार कठीण आहे, मास्तरकीच्या वीस वर्षांत एवढं गप्प कधी बसले नव्हते. आरशातून उडी मारून झाली आहे, सावली पळून गेली आहे, आणि गेल्या आठवड्यात तिने त्याचं औषध पिऊन टाकलं तेव्हा तो तिला मनापासून शिव्या देत होता. बाराव्या टप्प्यात काय करायचं ते मी सांगितलेलं नाही. हा अंक घरी आला की पोस्टमनकडून मीच घेणार आहे आणि कपाटात वरच्या फळीवर, रजयांच्या खाली ठेवणार आहे.