आज्जीची बॅटरी

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं बेळगावात रात्री-अपरात्री लाईट जायची. आज्जीची खोली मागच्या बाजूला, आणि तिथून न्हाणीघर दोन पायऱ्या खाली. एकदा ती अंधारात घसरली. नशिबानं मनगटावर निभावलं. तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, आज्जीला बॅटरी मी करून देणार. फिजिक्सचा विद्यार्थी म्हटल्यावर एवढं तरी यायला पाहिजेच की!

चुलत भावाच्या मोडक्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचा चपटा लिथियम सेल काढला आणि मोबाईलच्या जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरला १० ओहमचा रेझिस्टर लावून जोडला. हिशेबही केला होता. सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे करंट जेमतेम ०.१३ अँपिअर. एवढ्याशा करंटनं काय होतंय? असं म्हणून आज्जीच्याच खोलीत, तिच्या उशाजवळच्या फळीवर तो लावला आणि झोपलो.

पहाटे आज्जीची हाक. "अरे बाळ, पुरी फुगल्यागत फुगलंय की रे हे!"

सेल टम्म फुगला होता. हात लावला तर गरम. प्लग काढला, चिमट्यानं उचलून अंगणात वाळूच्या घमेल्यात नेऊन ठेवला. तो पेटला नाही, एवढंच. आज्जीची कापसाची गादी त्या फळीपासून हातभर अंतरावर होती.

कॉलेजात सरांना सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत, फक्त विचारलं, "करंट मोजलास, खरं थांबणार कुठं ते बघितलास काय?" तिथंच चुकलं होतं. असा सेल ४.२ व्होल्टला भरतो. माझा चार्जर ५ व्होल्टपर्यंत ढकलतच राहिला. आज्जी नळाला घागर लावते तशी ही गोष्ट आहे. आधी नळ एका धारेनं सोडायचा, गळ्याशी पाणी आलं की बारीक करायचा, मग बंद.

दुसऱ्या वेळी दोन एलएम ३१७ घेतले. पहिल्याला ४.७ ओहम, म्हणजे करंट पाव अँपिअरच्या आसपास. दुसरा व्होल्टेज धरणारा. सेल न जोडता प्रीसेट फिरवून माझ्या स्वस्त मीटरवर बरोबर ४.२० आणले. लॅबच्या मीटरवर तेच ४.२७ निघाले! सहन होतो तो फरक ०.०५ चा. मग लॅबच्याच मीटरवर ४.१० ला ठेवलं. सेल थोडा कमी भरतो, भरू दे.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सहा सेल मोजले. दोन १ व्होल्टच्याही खाली गेलेले, ते ई-कचऱ्यात. उरलेल्यातला एक घेतला. माझं सर्किट आपण होऊन बंद होत नाही, म्हणून करंट दहाव्या हिश्श्यावर आला की आधी सेल काढायचा आणि मगच प्लग. नाहीतर सेल उलटा सर्किटमध्येच रिकामा होत बसतो. पाव अँपिअरनं सेल भरायला अख्खा दिवस जातो. तो मातीच्या परळात ठेवतो, आणि मी घरात असलो तरच. (बाजारात टीपी ४०५६ चं तयार बोर्ड अगदी स्वस्तात मिळतं आणि ते स्वतः थांबतं. हे मला नंतर कळलं.)

आज्जी ती बॅटरी आता वापरते. खरं उशाखाली काडेपेटी आणि मेणबत्ती अजून आहेच. आणि मी सेल लावला की दारातून डोकावून विचारते, "आज फुगणार न्हाई न्हवं रे?"