एकाच फर्म्यातून खोबण आणि पान

सागाच्या फळीत हळदूच्या लाकडाचं पिवळं पान जडवायचं, आणि खोबण व पान दोन्ही एकाच फर्म्यातून कापायचं, हे ऐकून माझी मती गुंग झाली. ज्या भोकातून खोबण निघाली, त्याच भोकातून तिच्यात घट्ट बसणारा तुकडा कसा निघेल? राउटरचं कापणारं बिट तर दोन्ही वेळी तेच, आणि ते आपल्या जाडीएवढं लाकूड खाणारच.

बल्लारपुरातल्या ज्या मिस्त्रींकडे मी लाकूड कोरणारा राउटर चालवायला शिकतो, त्यांनी हिशेब सुतात मांडला. इंचाचे आठ सूत. बिट एक सुताचं. राउटरच्या तळाला बसणारं पितळी बुश अडीच सुताचं. त्यावर कॉलर चढवली की साडेचार. कॉलरसकट फर्म्याच्या आतल्या कडेने फिरवलं, तर खोबणीची कड फर्म्यापासून पावणेदोन सूत आत पडते. कॉलर काढून हळदू कापताना बिट पाऊण सुतावर लागतं, एक सूत लाकूड खातं, आणि आत उरलेल्या पानाची कड पुन्हा पावणेदोन सुतावरच येते. कॉलरची भिंत बिटाच्या व्यासाएवढी जाड, म्हणून हे जुळतं. कागदावर तिन्ही वर्तुळं काढली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"खोबण माफ करते बाबू, पान नाही करत," मिस्त्री म्हणाले.

"काहून जी?"

खोबण कोरताना बुश कडेपासून सुटलं तर थोडं लाकूड शिल्लक राहतं. पुन्हा फिरवून काढता येतं. पान कापताना सुटलं की बिट थेट पानात शिरतं. म्हणून राउटर फर्म्याच्या आत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवायचा. मग तो स्वतःच कडेला चिकटून चालतो. हळदूची पट्टी खालच्या फळीला डबल टेपने पक्की चिकटवायची, नाहीतर सुटलेलं पान उडतं. खोबण पानाच्या जाडीपेक्षा किंचित उथळ ठेवायची आणि वर आलेलं लाकूड घासून सपाट करायचं. फर्म्यातलं टोक सव्वादोन सुताच्या गोलाईपेक्षा टोकदार नको. कॉलर तिथे शिरत नाही आणि दोन्ही टोकं जुळत नाहीत.

मला मात्र सगळ्यात गुंतवलं ते लाकडांच्या रंगांनी. आलापल्लीच्या सागाची कीर्ती मोठी. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग आपल्याच चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांतून गेला. पण याच जंगलात पिवळा हळदू आहे, फिकट शिवण आहे, जुन्या तेंदूच्या गाभ्यातलं काळं लाकूड आहे. सागाच्या तपकिरीत हे तीन रंग बसले की वेगळ्या रंगाची गरजच उरत नाही. सागाला मान मिळतो आणि या लाकडांचे तुकडे चुलीत जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या सुतारबांधवांना एवढीच विनंती: हळदू, शिवण, तेंदूचे वीतभर तुकडेही जाळू नका. सुकवून बाजूला ठेवा आणि शिकणाऱ्या पोरांच्या हाती द्या.