कागदावरची रेघ

परवा बालगंधर्वच्या कलादालनात शिरले ती निव्वळ पावसामुळे. छत्री घरी राहिली होती. आत जलरंगांचं प्रदर्शन, बहुतेक चित्रं अमूर्त. एका चित्राखाली नुसतंच लिहिलेलं, 'पुणे'.

आता यात पुणे कुठे? ना शनिवारवाडा, ना पर्वती. वर मळकट करडा, खाली गढूळ तपकिरी, मधे कागदाचा पांढरा तसाच सोडलेला. शेजारी उभे असलेले काका बायकोला म्हणाले, "हा बघ सिंहगड, धुक्यातला." काकू म्हणाल्या, "कसला सिंहगड! मेट्रोचं खोदकाम आहे ते." मला काकूंचं जास्त पटलं.

माझी नजर मात्र त्या तपकिरीच्या वरच्या कडेवर अडकली. ओला रंग वाळताना त्याचे कण कडेला जाऊन साचतात आणि तिथे गडद रेघ उमटते. ती ब्रशने काढलेली नसते. पाणी कुठवर आलं होतं, एवढंच ती सांगते.

ही रेघ मी आधी पाहिली आहे. सिंहगड रस्त्याला आमचा तळमजल्यावर फ्लॅट आहे. २५ जुलै २०२४ ला रात्रभराचा पाऊस, त्यात खडकवासल्यातून सोडलेलं पाणी. एकता नगरीचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. पाणी ओसरलं तेव्हा आमच्या हॉलच्या चारही भिंतींवर सरळ रेघ होती, स्विचबोर्डाच्या जरा खाली.

मग आम्ही काय केलं? पुट्टी, वर ऑफ-व्हाइटचे दोन हात, आणि दिवाळीआधी फ्लॅट भाड्याने. आजींना जिने चढवत नाहीत म्हणून त्या कुटुंबाला तळमजलाच हवा होता. त्यांनी विचारलं, "पाण्याचं कसं आहे?" मी म्हणाले, "काही काळजी नाही, कधी टँकर मागवावा लागत नाही." खोटं नव्हतं हो ते. पण त्यांना काय सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पूररेषा नकाशावर असतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर बघायला येणारा माणूस नकाशा बघत नाही, भिंत बघतो. आणि भिंत आपण रंगवलेली असते. १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठवर चढलं, हे पेठांतली म्हातारी माणसं अजून हात उंच करून दाखवतात. आपल्यानंतर कोण दाखवणार? नदीकाठच्या सोसायट्यांनी गेटपाशी तारखेसकट एक पट्टी रंगवावी, महापालिकेने ती सक्तीची करावी. खर्च एका डब्याचा. भाव पडतील म्हणून कुणी करणार नाही, हेही कळतं. मीच केलं नाही.

चित्रकार तिथेच होते. विचारलं, ही नदी आहे का? ते हसले. "कागद ओला होता, तिरका धरला. पुढचं पाण्याने केलं."

काल भाडेकरूंना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "कुठपर्यंत आलं होतं?"

रविवारी जाणार आहे. पेन्सिल आणि टेप घेऊन.